वेशीबाहेरचे भूत : भयकथेच्या आस्वादाचा एक प्रश्न

१

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी गेल्या वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने एक भूतकथा दिली. गावाच्या विहिरीवर रात्री बादलीचा आवाज येतो. पाणी ओढणारे कोणी दिसत नाही. गाव म्हणते, ती हडळ आहे. शेवटी भगत येतो, लिंबू कापतो आणि आवाज बंद होतो. कथा एवढीच. संपादक मंडळावरील माझे एक सहकारी चळवळीत वाढलेले आहेत. त्यांनी कथा बाजूला ठेवली आणि म्हणाले, "सर, आपल्या आजोबांनी छप्पन्न साली देव टाकले, भुते टाकली, आणि आपण ती पुन्हा छापायची?" त्यांचे म्हणणे मला खोडता येईना. तरी कथा परत करण्याआधी मी त्या मुलीला बोलावले आणि विचारले, "ही बाई जिवंत असताना कोण होती?"

ती म्हणाली, "सर, आजी सांगते, ती आपल्यातलीच होती. दिवसा त्या विहिरीवर चढू देत नव्हते, म्हणून रात्री पाणी न्यायला जायची. एका सकाळी विहिरीत सापडली."

"मग हे कथेत का नाही?"

ती गोंधळली. म्हणाली, "भूतकथेत असं लिहितात का, सर?"

या प्रश्नाला मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. मुलीचा दोष नव्हता. तिने जी भूतकथा वाचली होती, ऐकली होती, तिच्यात भूत कोणाचे हे विचारायची पद्धत नव्हती. आजीने सांगितलेली हकिकत तिच्याजवळ होती. पण कथा लिहायला बसताच त्या साहित्यप्रकाराने ती हकिकत तिच्या हातून काढून घेतली आणि बदल्यात एक भगत व एक लिंबू दिले. भयकथेचा आस्वाद घेताना आणि भयकथा लिहिताना नेमके काय हरवते, आणि ते परत मिळवता येते काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

२

मराठी समीक्षेने भयकथेला साहित्याच्या पंगतीत कधी नीट बसू दिले नाही. 'रंजनवादी' असा एक शिक्का मारला की काम संपते. नारायण धारप (१९२५–२००८) यांची पुस्तके वाचनालयांतून हाताळून हाताळून खिळखिळी होत. त्या वाचकसंख्येच्या मानाने त्यांच्यावर गंभीरपणे लिहिले गेले ते फारच थोडे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या लेखनासाठी 'गूढकथा' हा शब्द रूढ केला आणि त्यांना थोडी अधिक प्रतिष्ठा मिळाली. पण त्यांच्याविषयी बोलतानाही समीक्षक आधी त्यांच्या नाटकांकडे वळतो. पंगतीबाहेर बसणे म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी एखाद्या साहित्यप्रकाराला असे न वाचता बाहेर बसवू नये.

परंतु आपल्याकडेही एक दुसरी बंदी आहे. ती वेगळ्या आणि अधिक आदरणीय कारणातून आलेली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवसापासून आपल्या वस्त्यांतून म्हसोबा, मरीआई, अंगात येणे, उतारे टाकणे हे हटवण्यासाठी दोन पिढ्या झगडल्या. भुताच्या नावाने गरिबाची कोंबडी गेली, बोकड गेला, आजारी मूल दवाखान्याऐवजी भगताच्या अंगणात मेले. एखाद्या एकट्या बाईला चेटकीण ठरवून मारले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा या राज्यात होऊ शकला. ज्या भूमीत भुताच्या धंद्याविरुद्ध बोलणाऱ्या माणसाला जीव गमवावा लागतो, तेथे भूतकथा हा अगदी निरुपद्रवी खेळ आहे, असे मी म्हणणार नाही. माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप म्हणूनच मला हलका वाटत नाही.

तरीही भुतावर विश्वास ठेवणे आणि भुताची कथा वाचणे या दोन भिन्न क्रिया आहेत. भगताकडे जाणारा माणूस भूत खरे मानतो. कथा वाचणारा माणूस भूत खोटे आहे हे जाणून, कथा संपेपर्यंत भिण्याचे कबूल करतो. या करारात भूत खोटे असले तरी भय खरे असते. वाचकाच्या अंगावर आलेला काटा खोटा नसतो. मग हे खरे भय कोठून आले? ते कोणाच्या मनात होते, आणि कथेने ते कोणाच्या दारात नेऊन ठेवले? ज्या समीक्षेला हे प्रश्न पडत नाहीत, ती भयकथेला स्वस्त म्हणो की अंधश्रद्ध म्हणो, तिने कथा वाचलेली नसते.

३

मी प्राथमिक शाळेत असताना पावसाळ्यात एखादे गुरुजी आले नाहीत की दोन वर्ग एकत्र बसवीत आणि मग दुसरे गुरुजी भुताच्या गोष्टी सांगत. गोष्ट साधारण एकच असे. कोणी पाहुणा शेवटची एस. टी. चुकल्यामुळे रात्री पायी गावाकडे निघतो. ओढा लागतो. ओढा ओलांडतो. मग गुरुजींचा आवाज खाली येई: "आणि महारवाड्याच्या अंगाला जो मोठा लिंब आहे ना..." त्या क्षणी सगळा वर्ग वळून आम्हा तिघांकडे पाही. आम्ही त्या लिंबाच्या अंगालाच राहत होतो. बाकीची मुले भ्यायली ती लिंबाला की आम्हाला, हे त्यांनाही सांगता आले नसते. आम्हाला मात्र भिण्याची सोयच नव्हती. गोष्टीतल्या पाहुण्याला सुटकेसाठी जेथून पळायचे होते, तेथे आम्हाला शाळा सुटल्यावर जेवायला जायचे होते.

घरी येऊन मी आजोबांना विचारले, "आबा, आपल्या लिंबावर भूत हाय का?" आबा म्हणाले, "आरं, उन्हाळाभर त्या लिंबाखाली मीच निजतोय की."

आबांनी तरुणपणी महारकीची कामे केली होती. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्याच्या आधीच्या त्या गोष्टी. मढ्याची लाकडे वाहायची, मयताचा सांगावा घेऊन रात्री परगावी जायचे. त्यांना मी विचारले होते की भीती कशाची वाटायची. मसणाची नाही, असे ते म्हणाले. भीती वाटायची ती अपरात्री दुसऱ्या गावात शिरण्याची. चोर समजून मारतील. कोणत्या दारापासून किती लांब उभे राहून हाक घालायची ते चुकेल. निरोप मरणाचा, म्हणून आणणाऱ्यालाच अपशकुनी म्हणतील. आबांच्या भयकथेतही रात्र होती, ओढा होता, कुत्र्यांचे रडणे होते. फक्त भय वेशीच्या आत राहत होते.

भयालाही अशी वेस असते. मराठी भयकथेचा निवेदक बहुधा वेशीच्या आत उभा राहून बाहेर पाहतो. जुना वड, पडकी विहीर, मसणवट, ओढ्याकाठचा पिंपळ हे सारे त्याला 'ओसाड' दिसते. पण त्या ओसाडीला लागूनच माणसे राहत आलेली आहेत.

आणि भुतांची उतरंड पाहावी. मुंजा म्हणजे मुंज झालेल्या आणि लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मणाच्या मुलाचे भूत. ब्रह्मसमंध म्हणजे वासना राहून गेलेल्या ब्राह्मणाचे. तो धनावर बसतो आणि त्याला मान द्यावा लागतो. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते. म्हणजे जिवंतपणी जिला औषध मिळाले नाही, ती मेल्यावर गावाला त्रास देते असे गावच सांगते. खवीस, झोटिंग कोणाचे, याबद्दल गावोगाव वेगळे ऐकायला मिळते. पण ते ब्राह्मणाचे असल्याचे मी कोठे ऐकले नाही. मुंजाला पारावर जागा मिळते. बाकीच्यांना हाकलण्यासाठी जोडे आणि मिरचीची धुरी. मेल्यावरसुद्धा जात सुटत नाही, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा समाजशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही.

याच्याही पुढची गोष्ट बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) मध्ये नोंदवली आहे. पेशवाईत अस्पृश्याच्या सावलीने विटाळ होई, म्हणून हिंदू येत असेल तर त्या रस्त्याने त्याला चालण्याची मनाई होती. पुण्यात पाऊल पुसण्यासाठी त्याने कमरेला झाडू आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधायचे. ज्याच्या नुसत्या सावलीला भ्यावे, ज्याचे पाऊल जमिनीवर राहू नये, जे समोर आले की दिवस फुकट गेला असे मानावे, त्याला लोकांच्या भाषेत भूत म्हणतात. म्हणजे आपल्या समाजाने मेलेल्या माणसाचे भूत करण्याआधी जिवंत माणसाचे भूत करण्याचा सराव केला होता. मराठी भयकथेचे मूळ शोधायचे तर वेताळपंचविशीइतकेच या व्यवस्थेतही शोधावे लागेल.

यावरून मला भयकथेच्या आस्वादाची एक साधी कसोटी सुचते. भूत दोन प्रकारचे असते: झाकणारे आणि दाखवणारे. विहिरीत बाई मेली. गाव म्हणाले, हडळीने ओढली. हे झाकणारे भूत. त्याच्यामागे ढकलणारा हात लपतो, विहिरीवर न चढू देणारा नियम लपतो, पंचनामा न करणारा पोलीस लपतो. तीच बाई रात्री येऊन बादली सोडते आणि ऐकणाऱ्याला विचारावे लागते की ही रात्रीच का येते. हे दाखवणारे भूत. पहिले भूत हकिकत बंद करते, दुसरे उघडते. भगताला दोन्ही सारखीच वाटतील. समीक्षकाला वाटता कामा नयेत.

४

ही कसोटी घेऊन धारपांकडे जाताना आधी एक कबुली द्यावी लागते. वसतिगृहात असताना धारप मी अधाशासारखे वाचले आहेत. मेसचा दिवा मालवल्यावर खोलीत चौघांत एक पुस्तक, आणि वाचणाऱ्याने पान उलटायला उशीर केला तर शिव्या. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते. कादंबरी शेवटापर्यंत वाचण्याची सवय मला पाठ्यपुस्तकांनी लावली नाही, ती धारपांनी लावली. भयाची बांधणी कशी करावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. ते घाई करीत नाहीत. आधी घर, भाडे, नोकरी, चहा, बायकोची कुरबूर. माणूस शिकलेला, हिशोबी, सहजी विश्वास न ठेवणारा. आणि मग एखादी लहानशी वस्तू जागेवर नसते. अविश्वासू माणसाचा अविश्वास कसा कणाकणाने झिजतो, हे लिहिणे सोपे नाही.

पण या घराचा पत्ता पाहावा. ते पांढरपेशा घर आहे. अनिष्ट शक्ती बाहेरून येते. कधी काळाच्या बाहेरून, कधी भूगोलाच्या बाहेरून. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर बेतलेल्या 'लुचाई'त ती अशीच परकी येते. घर स्वतः निर्दोष असते. 'समर्थ'कथांत तर अनिष्टाशी लढणारा अधिकारी पुरुषही ठरलेला आहे. सामान्य माणसाने त्याला शरण जावे, म्हणजे सुटका होते. मी वाचलेल्या या कथांत घराने पूर्वी कोणाचे काय घेतले होते, हा हिशोब क्वचित मागितला जातो. भूत आले आणि गेले, घर पुन्हा होते तसे. ही झाकणाऱ्या भुताची कथा आहे. ती लबाडीने झाकते असे नाही. आपल्याखाली काही आहे हेच तिला ठाऊक नाही.

मतकरींचे प्रकरण अधिक विचार करायला लावणारे आहे. त्यांच्या गूढकथेत भय बाहेरून येत नाही. ते घरातल्याच माणसाच्या मनात, मत्सरात, एकटेपणात असते. आणि याच मतकरींनी 'लोककथा ७८' हे नाटक लिहिले; खेड्यातील दलितांवरील अत्याचार रंगमंचावर उघडपणे मांडणारे ते नाटक आहे. म्हणजे ज्या हाताला भय लिहिता येत होते, त्याच हाताला अत्याचारही लिहिता येत होता. परंतु हे दोन हात एकाच कथेवर फारसे आले नाहीत. अत्याचारासाठी वास्तववादी नाटक आणि भयासाठी मध्यमवर्गीय गूढकथा, अशी वाटणी झाली. मतकरींसारख्या जागरूक लेखकाकडूनही ही वाटणी मोडली नाही, यावरून ती भिंत किती जुनी आहे हे कळते.

अलीकडे चित्रपटांनी ही भिंत थोडी हलवली. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हा धारपांच्या एका कथेची आठवण घेऊन निघालेला, श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीच्या नावावरून नाव घेतलेला चित्रपट. तेथे अनिष्ट बाहेरून येत नाही. वाड्याच्या पोटात असते आणि वाड्याच्या हावेवर पोसते. घराचा हिशोब मागणारी ही भयकथा आहे, म्हणून ती चांगली आहे. मात्र त्या वाड्याच्या बाहेर कोण राहत होते, हे 'तुंबाड'ही विचारत नाही. आणि 'मुंज्या' (२०२४) हा हिंदी चित्रपट गाजला तेव्हा मला एवढेच वाटले की भुतांच्या राज्यातही नायकपदाचा मान कोणाला मिळतो, ते ठरलेलेच आहे.

५

आता उलट बाजूने पाहू. आपल्या साहित्यात भयकथा नाही, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. माझे म्हणणे असे की ती आहे. पण तिला आपण 'दारिद्र्याचे चित्रण' या कप्प्यात ठेवून दिले, त्यामुळे ती कशी बांधली आहे इकडे लक्ष गेले नाही.

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे छोटे लेखन १९३५च्या सुमाराचे. ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील पहिली आठवण १९०१ सालची आहे. चार मुले साताऱ्याहून आगगाडीने निघतात. दुष्काळी कामावर रोखपाल असलेल्या वडिलांना भेटायला जायचे म्हणून नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. मसूर स्टेशनावर उतरतात. न्यायला कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. मुलगा सहज सांगून जातो, आम्ही महार. आणि मास्तरचा चेहरा बदलतो.

भयकथेचा रसिक येथे थांबेल. चेहरा बदलणे हा भयकथेतला जुना आणि हुकमी क्षण आहे: समोरचा माणूस माणूस नव्हे, असे त्या क्षणी कळते. येथे तो उलटा झाला आहे. मुलाला दुसऱ्याचे भूत दिसत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत तो स्वतः भूत झालेला दिसतो. पुढे सगळे भयकथेच्या क्रमाने येते. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान विटाळाच्या भीतीने गाडीत बसत नाही, मुलांनाच बैल हाकावे लागतात. वाटेत जेवायला थांबावे तर ओढ्याचे पाणी शेणमुताने गढूळ. अंधार पडतो. गाडीवान गावात जेवायला जातो आणि परत येऊन गाडीत चढतो. मुलांच्या अंगावर दागिने आहेत. हा आपल्याला मारणार, अशी शंका येते. मध्यरात्री टोलनाक्याचा दिवा दिसतो. मुलगा आपण मुसलमान असल्याचे सांगतो, तरी पाणी मिळत नाही. भरल्या शिदोरीजवळ चार मुले तहानलेली, आळीपाळीने जागत, रात्र काढतात.

या आठवणीत कोणी हात उगारत नाही, रक्त सांडत नाही, अलौकिक काही घडत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेने ओळखीचे जग एकेक पायरीने अनोळखी होत जाते. आणि शेवटी सकाळ झाली तरी भय जात नाही, कारण ते रात्रीचे नव्हते. इतकी शिस्तबद्ध भयकथा मराठी भयकथेच्या दालनात मला फार सापडत नाही. ती आपण इतिहास म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. पण ती इतकी खोल का जाते, हे समजायचे असेल तर भयाची रचना म्हणूनही वाचावी लागेल.

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा मी वर्गात शिकवतो. मुंबईच्या उपनगरात खाणीवर काम करणारा धिप्पाड भीमा. खाण बंद पडते. मसणातल्या राखेत त्याला सोने सापडते आणि मग तो मढी उकरू लागतो. एका रात्री ताज्या मढ्यासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. आणि सोन्यासाठी मढ्याच्या तोंडात घातलेली बोटे मढ्याच्या जबड्यात अडकतात. बोटे तोडावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

विद्यार्थी परीक्षेत लिहितात: 'या कथेतून गरिबीचे चित्रण होते व चोरी वाईट हा संदेश मिळतो.' हे वाचून मला दर वर्षी वाईट वाटते. कारण या कथेत अण्णा भाऊंनी भयकथेचे सारे सामान घेतले आहे: रात्र, मसण, जनावरांचे ओरडणे, जिवंताला धरणारे मढे. वाचकाचा श्वास अडकतो तो खरोखर भूत पाहिल्यासारखा. आणि तेथे भूत नाही. भीमाला भुताची भीती नाही. खरी भुते घरांत राहतात, असे तो बायकोला सुनावतो. मढ्याचा जबडा मिटला त्याला शरीराचे कारण आहे. भीमा तेथे आला त्याला बेकारीचे कारण आहे. एरवी भूतकथेच्या शेवटी भूत जाते आणि माणूस कामाला लागतो. येथे काम परत येते, आणि पहाड फोडणारा हात तेवढा गेलेला असतो. अण्णा भाऊंनी भय सैल होऊ दिले नाही आणि त्याचे कारणही लपवले नाही. दाखवणाऱ्या भयाचा हा नमुना आहे.

शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मधील विहिरीचा प्रसंगही याच रांगेतला. विहिरीत प्रेत, काठावर हुकूम सोडणारा पोलीस, प्रेत वर काढायला खाली उतरणारा तराळ बाप, खाली साप, आणि हे सारे वरून पाहणारा त्याचा मुलगा. विहीर, प्रेत, साप ही भयकथेची जुनी चिन्हे आहेत. पण मुलाचे भय पाहता पाहता खालच्या विहिरीतून वर काठावर येते. सापाने चावणे नैसर्गिक आहे. बापाने नाही म्हणू न शकणे नैसर्गिक नाही. मला माझ्या विद्यार्थिनीची विहीर आठवली ती येथेच.

६

काळ्या लेखकांचे वाङ्मय आपल्या चळवळीला परके नाही. १९७२ साली दलित पँथरने नावच तिकडून घेतले होते. त्या वाङ्मयाने हा प्रश्न कसा सोडवला हे पाहणे उपयोगाचे आहे. टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' (१९८७) ही उघडउघड भुताची कादंबरी आहे. १८५६ साली मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून पळाली. पकडले जाण्याची वेळ आली तेव्हा मूल पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिने आपल्या हाताने मुलीला मारले. मॉरिसन यांनी या सत्य घटनेवरून कादंबरी लिहिताना ते मेलेले मूल भूत होऊन घरात येते असे दाखवले. गुलामगिरीचा कायदा संपला तरी ती घरात राहायला येते, हे वास्तववादी पद्धतीने सांगता आले नसते असे नव्हे. पण ते भुतामुळे अंगाला जाणवते. आणि त्या भुताला घालवायला शेवटी कोणी अधिकारी पुरुष येत नाही. वस्तीतल्या बाया एकत्र जमतात आणि गातात.

दुसरे उदाहरण अधिक भांडणाचे आहे. एच. पी. लव्हक्राफ्ट हा अमेरिकन भयकथेतला मोठा लेखक. १९२५ साली लिहिलेल्या 'द हॉरर ॲट रेड हुक' या त्याच्या कथेत ब्रुकलिनमधील परदेशी, गरीब, वेगळ्या रंगाची वस्ती हेच भयाचे मूळ आहे. आमच्या गुरुजींचा लिंब येथे भेटतो. व्हिक्टर लाव्हॅल या काळ्या लेखकाने 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' (२०१६) मध्ये तीच कथा हार्लेममधल्या एका तरुणाच्या बाजूने पुन्हा लिहिली. त्याच्या बापाच्या हातात गिटार असते. गोरा माणूस ती बंदूक समजल्याचे सांगून बापाला गोळ्या घालतो. त्यानंतर त्या तरुणाला या माणसांपेक्षा समुद्रातला राक्षस परवडतो. लाव्हॅल यांनी ते पुस्तक लव्हक्राफ्टलाच अर्पण केले आहे, मनातली ओढाताण न लपवता. लेखकाकडून कसब शिकावे आणि त्याचा लिंब त्याला परत करावा, असे करता येते. आपणही धारपांबाबत असे करू शकतो.

७

हे सारे म्हटल्यावर दोन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत.

पहिली अशी की सूड घेणारे भूत हा मोठा मोह आहे. अत्याचार झाला, कोर्टात काही झाले नाही, मग मेलेली बाई भूत होऊन एकेकाला मारते. आणि वाचक सुस्कारा सोडतो. हा सुस्कारा मला धोक्याचा वाटतो. जे काम पोलिसाने, साक्षीदाराने, न्यायालयाने करायचे ते भुताकडे सोपवले की वाचक आपल्या जबाबदारीतून सुटतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत जे घडले, त्यानंतर माणसे रस्त्यावर आली, कागद मागितले, खटला चालवायला लावला. तेथे भुताची गरज नव्हती, साक्षीची होती. चांगल्या कथेतले भूत शिक्षा देत नाही. ते विचारत राहते.

दुसरी अशी की भगत कथेत आला तर तो उपाय म्हणून येऊ नये. भगताने लिंबू कापताच आवाज बंद झाला, असे लिहिणारा लेखक नकळत भगताच्या बाजूने साक्ष देतो. एवढ्यापुरते माझ्या सहकाऱ्यांचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि ते मी त्यांना सांगितले. त्यांनीही एक गोष्ट मान्य केली: भूत टाकणे म्हणजे त्या भुताच्या नावाखाली पुरलेल्या माणसालाही टाकणे नव्हे.

विद्यार्थिनीला मी अण्णा भाऊंची कथा पुन्हा वाचायला दिली आणि आजीकडे परत पाठवले. पंधरा दिवसांनी तिने नवी कथा आणली. भगत गेला होता. बाईला नाव आले होते, तिच्या घागरीला पोचा आला होता. ती रात्रीच का जायची, विहिरीच्या कोणत्या बाजूने चढायची, कोणाचे कुत्रे भुंकायचे, हे आले होते. आजी म्हणाली होती की त्या सकाळी गावाने विहीर पाच दिवस बाटलेली धरली, आणि नंतर ती उपसून पुन्हा सुरू केली. बाई कशी मेली हे मात्र कोणी विचारले नाही. तेही आले होते. शेवटी गावात नळ आला आहे, विहीर वापरात नाही, आणि रात्री बादलीचा आवाज येतोच आहे. तो कोणाला ऐकू येतो आणि कोणाला येत नाही, एवढ्यावर कथा थांबते.

सहकाऱ्यांनी ती दोनदा वाचली. म्हणाले, "शीर्षकातला 'हडळ' शब्द काढा." मुलगी म्हणाली, "सर, गाव तिला तेच म्हणतं." बराच वाद झाला. शेवटी शीर्षकात त्या बाईचे नाव आले, आणि 'हडळ' हा शब्द कथेत फक्त गावकऱ्यांच्या तोंडी राहिला. कथा छापली गेली.